आमच्या सगळ्यांचा राजीनामा

रामबाग, इंदूर
८ ऑक्टोबर २०२४

शरददादा,

नमस्कार. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मेसेज तुम्ही वाचत नाही, म्हणजे राहिलं काय, कागदच, तर लिहिते. हिंदी शाळेत पाचवीपर्यंत गेलेली बाई मी, सांभाळून घ्या.

दोन कामं आहेत, पहिलं म्हणजे मनीषने ट्रक बिघडवलाय. बिघडवलाय म्हणजे चालतो, पण बघवत नाही, पोरं त्याला सजवणं म्हणतात. मागून एवढा उंच करून घेतलाय की सपाट रस्त्यावर पण उतारावर उभा आहे असं वाटतं, सांवेरला सोयाबीन भरायचं तर हमाल म्हणतात आधी शिडी आणा मग पोतं उचलू. आणि लाइट किती, लाल, निळे, जांभळे, जिथे बोटभर जागा दिसली तिथे लाइट ठोकलाय. समोरच्या काचेवर काळे गोंडे लटकवलेत, त्यातून फट शोधून हा गाडी चालवतो. मी विचारलं, अरे तुला रस्ता दिसतो का? तर म्हणतो, "आई, रस्त्याला मी दिसलो पाहिजे." आता याच्यावर माणसाने काय बोलायचं?

एकट्याचं नाही, सांवेर रोडवर सगळी पोरं अशीच, एकाने केलं की दुसऱ्याच्या पोटात दुखायला लागतं. आमचे हे कोर्टातून रिटायर झाल्यापासून कशातच पडत नाहीत. पेपरच्या मागून आवाज येतो, "जाऊ दे, बेबी."

दुसरं काम मोठं आहे. मंजिरीवहिनींची भाची अनुश्री, वासुदेवरावांची मुलगी, ती देवासच्या लग्नात आली होती. मनीषने तिला पाहिली आणि तेव्हापासून दोघं फोनवर बोलतात. मनीष एकतीस वर्षांचा झाला दादा, आजपर्यंत जे लोक बघायला आले त्यांनी दारातला ट्रक बघितला आणि चहा अर्धा ठेवून गेले. या मुलीने नाही म्हटलं तर हा त्या ट्रकशीच लग्न लावून बसेल, मला माझं पोर माहीत आहे. तर वासुदेवरावांकडे तुम्ही शब्द टाका आणि ट्रकचं एक अक्षर काढू नका, मुलगा ट्रान्सपोर्टमध्ये आहे एवढंच सांगा, ते खोटं थोडीच आहे.

तुमची,
बेबी


सातारा
१९ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. बेबीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मुद्दाम 'मिळाले' लिहितो, कारण हल्ली सगळ्यांना सगळे 'भेटते'. परवा बँकेत एक तरुण सांगत होता, "मला पैसे भेटले." मी विचारले, "कुठे भेटले? काय म्हणाले?" तो उठून दुसऱ्या खिडकीकडे गेला. 'मला मदत कर' हे तर संपलेच, आता 'माझी मदत कर' म्हणतात. चौकातल्या वाढदिवसाच्या फलकावर 'शुभेच्या' लिहिले आहे. मी खडू घेऊन दुरुस्त करायला गेलो तर ज्याचा वाढदिवस होता तोच अंगावर धावून आला. ट्रकला दिवे लावणारा तुझा मुलगा आणि भाषेचे दिवे काढणारी ही मंडळी, मला एकाच माळेतली वाटतात.

तुझे पत्र लाल शाईने तपासून सोबत परत पाठवत आहे. मुख्य दोष विरामचिन्हांचा. वाक्य कुठे संपले हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे, बेबी. मी मुलांना शिकवायचो, पूर्णविराम आला की थांबायचे, तो येईपर्यंत थांबायचे नाही. मी स्वतः आजही तसेच वाचतो.

आता स्थळाविषयी. वासुदेवला मी सांगितले, त्याला कल्पना आवडली. एक अडचण मात्र तुला ठाऊक नसावी. माझा हा मेव्हणा आरटीओत निरीक्षक होता. बदल केलेल्या गाड्या पकडण्यात त्याची सारी नोकरी गेली. निवृत्त झाला, तरी रस्त्यात उंच केलेली गाडी दिसली की चहाचा कप खाली ठेवून तिचा नंबर पाठ करतो. ट्रकविषयी मी आपणहून बोलणार नाही. खोटेही बोलणार नाही. त्याने विचारलेच तर विषय बदलीन. मराठीची अवस्था हा विषय मला कुठेही पुरतो.

दिवाळीनंतर तो अनुश्रीला घेऊन इंदूरला येईल. नंतर तुमचा निर्णय काय तो लेखी कळवा. तोंडी बोलण्यावर त्याचा विश्वास नाही.

तुझा,
शरददादा


रामबाग, इंदूर
२५ नोव्हेंबर २०२४

दादा,

नमस्कार. माझं पत्र लाल करून परत पाठवलंत. यांनी उघडून बघितलं आणि विचारलं, बेबी, कुणी मारलं का तुला? घ्या तुमचे पूर्णविराम. हा एक. हा अजून एक. पुरे का.

वासुदेवराव आणि अनुश्री येऊन गेले. सगळं छान झालं. आरटीओवाले घरी येणार म्हटल्यावर मी मनीषला म्हटलं, आत्ताच्या आत्ता तो नमुना घेऊन सांवेरला जा. तिथे चिंतामण पाटीदारची सोयाबीनची शेड आहे. त्यात ट्रक घातला आणि वर ताडपत्री टाकली. उंचीमुळे शेडचा एक पत्रा वाकला, तो वेगळा विषय. वासुदेवरावांनी विचारलं, गाडी कुठंय? मी म्हटलं, बाहेरगावी गेलीय.

मनीष पूर्ण वेळ असा बसला होता जसं कुणी जवळचं दवाखान्यात आहे. वासुदेवराव म्हणाले, "मुलगा फार शांत आहे हो." मी म्हटलं, लहानपणापासून. आमच्या यांना ठसका लागला.

मुलगी मला पसंत आहे. फक्त आवाज फार बारीक. चहा घेणार का विचारलं तर ओठ हललेले दिसले, आवाज आला नाही. रामबागेत भाजीवाल्याशी कशी निभावणार ती? पण शिकवू. मनीष तिच्याकडे बघत होता तेव्हा त्याचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. मी त्याला एवढा खुश फक्त नवीन टायर आणतो तेव्हा बघितलंय.

वासुदेवरावांना लेखी हवं ना. सोबत चिठ्ठी आहे, ती त्यांना द्या. इतकी सुंदर चिठ्ठी मी आयुष्यात लिहिली नाही. लाल शाई लावायची नाही.

बेबी

(चिठ्ठी)
वासुदेवरावजी, नमस्कार. तुम्ही एवढ्या लांबून आलात, बरं वाटलं. मुलगी चांगली आहे. आता उगाच ताणायचं नाही म्हणून साफ लिहिते. घरात सगळ्यांशी बोलले, मनीषशी पण. आमच्या सगळ्यांचा राजीनामा आहे. आता तुम्ही निवांत व्हा. — सौ. बेबी प्रतापराव


रामबाग, इंदूर
२८ डिसेंबर २०२४

दादा एक महिना झाला ना तुमचं पत्र ना वासुदेवरावांचं, मनीष फोन लावतो तर अनुश्री उचलत नाही, आता तर त्याचा नंबरच बंद करून टाकलाय म्हणे, पोरगा जेवत नाही, बसल्या बसल्या ट्रक धुतो, धुऊन धुऊन रंग निघायला आलाय, वहिनींना फोन केला तर त्या म्हणतात जे काय असेल ते लेखी पाठवा वासुदेव तोंडी काही ऐकणार नाही, मी वेडी नाही दादा मला सगळं समजतं, आमच्याकडून आम्ही सगळ्यांचा राजीनामा दिला आणि तुम्ही लोकांनी तोंड फिरवून घेतलं, का तर ट्रकचं कळलं, तुम्हीच सांगितलं असणार, विषय बदलणार होते ना तुम्ही, आणि मी विचारते काय वाईट आहे त्या ट्रकमध्ये, मागून उंच केलाय तर केलाय, स्वतःच्या मेहनतीचा आहे, दारू नाही गुटखा नाही लाइट लावतो, लाइटने कुणाचं लिव्हर खराब झालेलं मी ऐकलं नाही, सांवेरच्या अंधाऱ्या रस्त्यावर मैलभर लांबून ओळखू येतो की मनीष आला, त्या चिंतामणची बायको लाइट बघून तव्यावर पोळी टाकते, आणि ते काचेवरचे काळे गोंडे त्याने नाही आणले ते मी आणलेत सियागंजमधून भाव करून, हो मी, पोराने हौसेने मागितले तर आणू नको का, चिंतामणच्या शेडमध्ये ट्रक ताडपत्रीखाली लपवला तो पण मीच, मनीष तर म्हणत होता आई दाखवून टाकू जे आहे ते आहे, मीच त्याला गप्प बसवला नाहीतर तो काही तेवढा शांत नाहीये, जाऊन सांगा तुमच्या मेव्हण्याला की आरटीओ असशील तर तुझ्या घरी, माझ्या पोराला दारातलं भंगार समजू नका

बेबी


सातारा
६ जानेवारी २०२५

चि. सौ. बेबीस आशीर्वाद.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ट्रकविषयी आजवर मी वासुदेवजवळ चकार शब्द काढला नव्हता. परवा काढला, आणि तोही तुझाच.

तुझे पत्र आले तेव्हा वासुदेव आमच्याकडेच बसला होता. इंदूरचे पत्र म्हटल्यावर म्हणाला, "वाचा मोठ्याने. कारण तरी कळू दे." मी वाचू लागलो. चौथ्या ओळीपाशी पुढे काय येणार ते मला दिसले. थांबायचे ठरवले. पण थांबू कुठे? तू एक, फक्त एक पूर्णविराम दिला असतास! आयुष्यभराची सवय, जीभ पुढे पुढे जात राहिली. मंजिरी स्वयंपाकघराच्या दारातून हातवारे करत होती. मी शेड ओलांडली, ताडपत्री ओलांडली, 'आरटीओ असशील तर तुझ्या घरी' हेही खणखणीत वाचले. शेवटच्या अक्षरापुढेही विराम नव्हता. मी तसाच उघड्या तोंडाने बसून राहिलो.

वासुदेवने एकच विचारले, "मागची उंची किती वाढवलीय?"

ते असो. आम्हा कुणालाच कळत नाही ते वेगळे आहे. राजीनामा तूच दिलास आणि तोंड फिरवल्याचा आरोप आमच्यावर? तुझी चिठ्ठी वासुदेवने दोनदा वाचली आणि घडी घालून परत माझ्या हातात दिली. अनुश्रीने विचारले, "मनीषशी पण बोलले, असं लिहिलंय? त्याचाही राजीनामा?" आणि आत निघून गेली. त्याचा नंबर तिने त्या दिवशी बंद केला. मुलगी चांगली आहे म्हणतेस, घर राजीनामा देते म्हणतेस आणि वर निवांत व्हा म्हणतेस! असला नकार मी पाहिला नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी नाशिकचा यशोधन नावाचा मुलगा तिला पाहायला येणार आहे. तुला काही सांगायचे असेल तर त्याआधी सांग. आणि कृपा करून सुटी सुटी वाक्ये लिही.

तुझा,
शरददादा


रामबाग, इंदूर
१० जानेवारी २०२५

दादा,

स्पीड पोस्टाने पाठवते. नाशिकवाल्याला थांबवा.

नकार कुणी दिला? मी होकार दिला. राजीनामा म्हणजे होकार. राजी आहोत म्हणून लिहून दिलेला नामा, तो राजीनामा. यात न समजण्यासारखं काय आहे? आमचे हे तीस वर्षं कोर्टात होते. दोन पार्ट्या भांडून भांडून थकतात, मग राजीनामा होतो, सगळे खुश होऊन घरी जातात. आमच्या घरात राजीनामा झाला म्हटलं की मी शिरा करायची. नोकरी सोडतात तो इस्तीफा.

तुमच्याकडे नोकरी सोडतात त्याला राजीनामा म्हणतात हे मला यांनी आत्ता सांगितलं. पेपर खाली ठेवून सांगितलं, म्हणजे बघा. मी विचारलं, मग आधी का नाही बोललात? तर म्हणाले, "तू चिठ्ठी दाखवली कुठे?" ते खरं आहे. नाही दाखवली. मला वाटलं हे चुका काढतील.

पण मला एक सांगा दादा. माणूस नाराज होऊन नोकरी सोडतो आणि तुम्ही लोक त्या कागदाला राजीनामा म्हणता? आणि 'पैसे भेटले' म्हणणाऱ्या पोराला हसता?

मनीषला मी सगळं सांगितलं. हसला नाही. म्हणाला, "आई, तिला एवढंच सांग की माझा होकार आहे. कोणत्याही भाषेत सांग." दादा, मी पहिल्यांदा या पोराचं तोंड असं बघितलं. ट्रकला हात लावत नाहीये. कालपासून धुतला पण नाही.

आम्हाला अनुश्री हवी. हो. हां. होय. अजून कसं लिहू?

बेबी


सातारा
२१ जानेवारी २०२५

चि. सौ. बेबीस आशीर्वाद.

पत्र वेळेवर पोचले. या वेळी पूर्णविराम होते, त्यामुळे मी वाचून दाखवताना जागोजागी थांबलो आणि वासुदेव जागोजागी "म्हणजे?" म्हणाला.

शब्दकोश काढून पाहिला. खुशीने लिहून दिलेला लेख असा जुना अर्थ आहे खरा. शब्द तुझ्या बाजूचा निघाला, पण मुलगी आमच्या बाजूला राहते, तेव्हा इथला अर्थ धरून लिहायला हवे होते. असो. अनुश्री हे ऐकून आधी रडली, मग इतकी हसली की मंजिरीने तिला पाणी दिले. नाशिकच्या मंडळींना तिने स्वतः फोन करून येऊ नका म्हणून सांगितले.

पण वासुदेव अडून बसला आहे. तो म्हणतो, "शब्दाची चूक मी माफ करतो. ताडपत्री माफ करत नाही." फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तो अनुश्रीसह इंदूरला येईल आणि आधी ट्रक पाहील. तो पाहिल्यावर त्याने नाही म्हटले तर मी मध्ये पडणार नाही, हे त्याने माझ्याकडून वदवून घेतले आहे. माझा गुडघा धरला आहे, मी येऊ शकणार नाही. ट्रक लपवू नकोस. पुसूनही ठेवू नकोस. आहे तसा उभा कर.

तुझा,
शरददादा


रामबाग, इंदूर
४ फेब्रुवारी २०२५

दादा,

नमस्कार. गुडघ्याला तेल लावता ना? आता ऐका.

वासुदेवराव आले ते सरळ ट्रककडे. पाणी नको, चहा नको. पांढरा शर्ट घालून चाकांच्या मधे घुसले आणि बाहेर आले तेव्हा शर्ट कोणत्या रंगाचा होता ते मी सांगत नाही. मनीष बाजूला उभा. मी म्हटलं, वासुदेवराव, जे बोलायचं ते बोलून टाका, माझा जीव टांगू नका. ते म्हणाले, "मला बोलायचं नाही. दाखवायचं आहे. मनीष, वर बस. सगळे लाइट लाव."

लावले. दिवसाढवळ्या आमच्या गल्लीत जत्रा भरली. मग मागे जाऊन उभे राहिले आणि ओरडले, "ब्रेक मार." मनीषने मारला. "मारलास का?" "मारला काकाजी." "परत मार." परत मारला. मग म्हणाले, "आता तू इकडे ये. तुझ्या वडिलांना बसव."

दादा, आमचे हे आयुष्यात पहिल्यांदा ट्रकमध्ये चढले. पेपर हातात घेऊनच चढले. मनीष वासुदेवरावांच्या शेजारी मागे उभा राहिला. वासुदेवरावांनी विचारलं, "बघ आणि सांग. तुझे वडील आत ब्रेक मारतायत की पेपर वाचतायत?"

मनीष बघत राहिला. सगळे लाल लाइट आधीच पेटलेले, ब्रेकचा कोणता आणि हौसेचा कोणता, काही कळेना. हे आतून विचारून राहिले, "दाबून ठेवू का सोडू?" वासुदेवराव हळू आवाजात म्हणाले, "मागून येणाऱ्याला पण एवढंच दिसतं, बेटा. मी अशा गाड्यांच्या मागे काय काय उचललंय ते मुलीसमोर सांगत नाही. पण मुलगी या गाडीत बसणार आहे."

मी भांडायला तयार होऊन उभी होते. पूर्ण भाषण तोंडात होतं. ते तसंच गिळून टाकलं. गोंडे मी आणले होते ना.

मनीष आत गेला, पक्कड घेऊन आला आणि स्वतःच्या हाताने एकेक लाइट काढायला लागला. अनुश्री साडी खोचून शेजारी उभी राहिली आणि काढलेले लाइट टोपलीत भरायला लागली. गोंडे मी उतरवले. वाजणारा मोठा भोंगा होता, जो वाजला की शेजारच्या सोनलचं तान्हं बाळ दचकून उठायचं, तो पण निघाला आणि त्याच्या जागी साधा हॉर्न लागला. उंची मिस्त्रीकडे नेऊन उतरवायची, ते मनीषने आपणहून कबूल केलं. वासुदेवरावांनी तेव्हा कुठे चहा मागितला. साखर जास्त घालून मागितला. मी समजले, होकार आला.

पण खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी झाली. काढलेलं सामान सियागंजमधल्या दुकानदाराला परत द्यायचं होतं. ट्रकमध्ये मनीष, खिडकीत अनुश्री आणि मधे चेपून मी. वासुदेवराव आणि हे मागे स्कूटरवर. सियागंज तुम्ही बघितलंय, तिथे सोमवारी मुंगीला पण रांगेत चालावं लागतं. पुढे गुळाच्या भेल्यांची एक हातगाडी आडवी आणि तिचा मालक फोनवर बोलत उभा. मनीषने हॉर्न दिला. नवा हॉर्न म्हणजे शेळी खोकल्यासारखा. कुणी वळून पण बघितलं नाही. परत दिला. एक जण हसला. "क्यों भिया, आज बाजा कहाँ गया?" मनीषची मान खाली. मला वाटलं आता हा म्हणणार, बसव परत भोंगा.

एवढ्यात अनुश्रीने काच खाली केली, अर्धी बाहेर वाकली आणि ओरडली, "ओ भिया! फोन नंतर करा, आधी गाडी काढा! सरका सगळे! आमच्या मागे आमचे बाबा आहेत, ते आरटीओ आहेत!"

दादा, माझ्या कानात शिट्टी वाजली. हातगाडी गेली, रिक्षा गेल्या, दोन दुकानांपुढचे डबे पण आत गेले. पूर्ण गल्ली साफ. ही तीच मुलगी, जिचा चहा घेणार का एवढ्याला आवाज निघत नव्हता. मी विचारलं, तेव्हा काय झालं होतं तुला? म्हणाली, "बाबांनी सांगितलं होतं, सासरी हळू बोल." मी म्हटलं, परत त्यांचं ऐकू नकोस.

मनीष कधीचा ट्रक पुढे घ्यायचा विसरून तिच्याकडेच बघत होता. मग म्हणाला, "आई, भोंगा काढला त्याचं आता बिलकुल वाईट वाटत नाही."

तिने माझ्या पाठीमागून हात घालून त्याच्या पाठीत असा धपाटा दिला की अर्धा मलाच लागला.

पंचांग बघा आणि मार्चमधली तारीख काढा. एप्रिलपर्यंत मी थांबणार नाही.

तुमची,
बेबी